लिलीचा वंशविस्तार

२४ जून १९५२ला हॅम्बुर्ग शहरात ‘बिल्ड’ नावाच्या नव्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघायचा होता आणि एका पानावर थोडी जागा मोकळी राहिली होती. ती भरून काढायचं काम राइनहार्ड बॉयथीन या व्यंगचित्रकाराकडे आलं. सांगतात ते असं, की त्याने आधी एक गोंडस बाळ काढलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. तेव्हा त्याने बाळाचा चेहरा तसाच ठेवला, मागे पोनीटेल बांधली आणि मानेखाली एका भरल्या अंगाच्या तरुणीचं शरीर काढलं. तिचं नाव लिली. पहिल्याच चित्रात ती ज्योतिषिणीसमोर बसली आहे आणि नशिबात लिहिलेल्या त्या देखण्या, श्रीमंत पुरुषाचा नाव-पत्ता विचारते आहे.

जागा भरायला काढलेली लिली वाचकांना इतकी आवडली, की रोज येऊ लागली. ती नोकरी करणारी, फटकळ, कुणाची भीड न बाळगणारी होती. युद्धात बेचिराख झालेल्या देशात स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुलीचं थोडं कौतुकही त्या चित्रांत होतं. पण विनोद बहुतेक वेळा तिच्या अंगावरच्या कपड्यांभोवती फिरे. समुद्रकिनाऱ्यावर पोलीस तिला बजावतो, की इथे दोन तुकड्यांच्या पोहण्याच्या पोशाखाला मनाई आहे. त्यावर ती विचारते, मग यातला कोणता तुकडा काढू? हसणारा वाचक प्रौढ आणि पुरुष आहे, हे धरूनच ही चित्रं काढली जात होती.

ऑगस्ट १९५५मध्ये या लिलीची बाहुली आली. खेळणी बनवणाऱ्या हाउसर कंपनीच्या मॅक्स वाइसब्रोट याने तिचा साचा केला. मोठी बाहुली ३० सेंटिमीटरची, छोटी १९ सेंटिमीटरची. किंमत १२ मार्क आणि साडेसात मार्क. तिच्या उंच टाचा पायांतच ओतलेल्या होत्या, भुवया उंचावलेल्या होत्या आणि नजर तिरकी होती. ती तंबाखूच्या दुकानांत आणि बारमध्ये मिळे. पुरुष ती गंमत म्हणून एकमेकांना देत. पुढे लहान मुलींचंही लक्ष तिच्याकडे गेलं, कारण तिचे कपडे बदलता येत आणि ते कपडे फार नीटस शिवलेले असत. खेळण्यांच्या दुकानात ती पोचली ती अशी.

इथे घटकाभर थांबून आधीच्या बाहुल्यांकडे पाहायला हवं. युरोप-अमेरिकेतल्या मुलींच्या हातात तोवर बहुतेक वेळा बाळाची बाहुली असे. तिला दूध पाजायचं, झोपवायचं, म्हणजे आई व्हायची तालीम करायची. आपल्याकडची ठकी लाकडाची. तिचे हात अंगालगतच कोरलेले आणि लुगडं रंगाने रंगवलेलं असे. ते बदलायची सोयच नव्हती. म्हणून ठकी निष्पाप होती असं मात्र नाही. भातुकली मांडून बाहुला-बाहुलीचं लग्न लावणाऱ्या मुलीचं स्वतःचंही लग्न लवकरच लागायचं असे. मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा झाला तो १९२९ साली. मोठ्यांच्या जगात मुलीसाठी जी जागा राखून ठेवलेली असते, तीच बाहुली तिच्या हातात येते. तेव्हा लिलीच्या आधी बाहुल्या निरागस होत्या आणि नंतर बिघडल्या, असा गळा काढण्यात अर्थ नाही. नवं एवढंच होतं, की पुरुषांच्या चेष्टेसाठी घडवलेलं शरीर जसंच्या तसं मुलींच्या खेळात आलं. आणि ते तिथे टिकलं ते एका हिशेबामुळे.

तो हिशेब रूथ हँडलर यांनी मांडला. रूथ आणि त्यांचे पती एलियट हे १९४५ साली लॉस एंजेलिसच्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या मॅटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी दोघे. त्यांची मुलगी बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना आई-बाळ न करता मोठ्या बायका करत, त्यांच्या तोंडी मोठ्यांचे संवाद घालत. हे रूथनी पाहिलं होतं. मुलींना आपलं पुढचं आयुष्य खेळून बघायचं असतं, हे त्यांचं निरीक्षण आजही खरं आहे. कंपनीतल्या पुरुषांचं म्हणणं, असल्या उभार छातीची बाहुली कुठली आई मुलीला घेऊन देणार? १९५६ साली कुटुंब युरोपच्या सहलीला गेलं. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न गावात एका दुकानाच्या काचेआड वेगवेगळ्या पोशाखांतल्या लिली मांडलेल्या रूथना दिसल्या. त्यांनी बाहुली घेतली. पुढे आणखी एका दुकानात दुसरा पोशाख आवडला तेव्हा त्यांनी नुसते कपडे मागितले. कपडे सुटे मिळत नाहीत, दुसरा पोशाख हवा तर दुसरी बाहुली घ्या, असं उत्तर आलं.

त्या दुकानदारांना जे सुचलं नव्हतं ते रूथना तिथेच उमगलं. बाहुली एकदाच विकली जाते, कपडे मात्र वर्षानुवर्षं विकता येतात.

रेथिऑन कंपनीत क्षेपणास्त्रांवर काम केलेले जॅक रायन यांच्यामार्फत जपानमध्ये नव्या बाहुलीचे साचे तयार झाले. शार्लट जॉन्सन यांनी तिचे कपडे बेतले. चेहरा थोडा मवाळ केला, अंगाचे काही तपशील कानशीने घासून काढले. आकार मात्र लिलीचाच राहिला आणि ती तिरकी नजरही तशीच राहिली. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-जत्रेत बार्बी मांडली गेली. ओळख ‘टीनएज फॅशन मॉडेल’, किंमत ३ डॉलर. मोठे खरेदीदार साशंक होते, तरी पहिल्या वर्षात ३ लाखांवर बाहुल्या खपल्या. एकेका पोशाखाची किंमत मात्र एकापासून पाच डॉलरपर्यंत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे गणित इथे शिस्तीत बसलं.

आयांचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्यासाठी मॅटेलने अर्न्स्ट डिख्टर या मूळ व्हिएन्नाच्या, फ्रॉइडच्या विचारांवर पोसलेल्या बाजार-मानसशास्त्रज्ञाला गाठलं. त्याच्या पाहणीत मुली बाहुलीवर खूश होत्या, आया नाराज होत्या. त्याने वाट काढली: ही बाहुली मुलीला नीटनेटकं राहायला, चारचौघांत वावरायला शिकवते, असं आयांच्या मनावर ठसवा. आणि आयांना ओलांडून थेट मुलींशी बोलायचा रस्ता मॅटेलने आधीच तयार केला होता. १९५५ साली ‘मिकी माउस क्लब’ या टीव्ही कार्यक्रमाला वर्षभर जाहिराती देण्यासाठी कंपनीने ५ लाख डॉलर लावले होते. ही रक्कम तेव्हाच्या मॅटेलच्या एकूण मालमत्तेएवढी होती. तोवर खेळण्यांच्या जाहिराती मुख्यतः नाताळाच्या सुमारास आणि पालकांसाठी येत. आता त्या बाराही महिने आणि मुलांसाठीच येऊ लागल्या.

लिलीच्या मालकांनी १९६१ साली अमेरिकेत मॅटेलवर दावा लावला, दोन वर्षांनी तडजोड झाली. १९६४ साली मॅटेलने २१,६०० डॉलर देऊन लिलीचे हक्कच विकत घेतले आणि लिलीचं उत्पादन थांबलं. आई संपली, लेक जगभर गेली.

पुढची तीस वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत, कारण त्यांत साचा फारसा हलला नाही. १९६५ साली ‘स्लंबर पार्टी’ बार्बीसोबत वजनकाटा आला. त्याचा काटा ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर कायमचा रोखलेला होता. जोडीला वजन उतरवण्याचं एक चिमुकलं पुस्तक होतं आणि त्यातला सल्ला होता, खाऊ नका. तिरकी नजर सरळ व्हायला १९७१ उजाडलं. १९९२च्या बोलक्या बार्बीला दिलेल्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो, असंही एक वाक्य होतं. त्यावर इतका गदारोळ झाला, की ते काढावं लागलं. पुढच्या वर्षी काही खोडकर कार्यकर्त्यांनी दुकानांतल्या बोलक्या बार्बी आणि सैनिक जी. आय. जो यांच्या आवाजाच्या पेट्यांची अदलाबदल करून त्या परत फळीवर ठेवल्या. घरी गेल्यावर सैनिक खरेदीच्या गप्पा मारू लागला आणि बार्बी युद्धाच्या आरोळ्या देऊ लागली.

याच तीस वर्षांत बार्बी भारतात आली. ऐंशीच्या दशकाअखेर ‘लिओ मॅटेल’ या नावाने तिचे खोके मराठी मध्यमवर्गाच्या घरांत दिसू लागले. वाढदिवसाची ती मानाची भेट होती. साडी नेसलेली, टिकली लावलेली बार्बीही निघाली. साडीच्या आत शरीर तेच होतं आणि चेहराही तोच होता.

बाहुली पडद्यावर गाजली ती १९९६ साली. ‘बार्बी फॅशन डिझायनर’ या सीडीवर कपडे बेतायचे, खास कापडावर छापायचे आणि घरच्या बाहुलीला घालायचे. पहिल्या दोन महिन्यांत पाच लाखांवर प्रती खपल्या. मुली संगणकावर खेळत नाहीत, हा त्या धंद्यातला ठाम समज त्या एका नाताळात मोडला. पण त्यातून धडा भलताच घेतला गेला. मुलींसाठी खेळ काढायचा तर तो नटण्याचाच काढायचा, असं ठरून गेलं. वेगळी वाट काढणारे होते. ब्रेंडा लॉरेल यांनी मुलींशी बोलून, त्यांचं जग समजून घेऊन ‘पर्पल मून’ नावाची कंपनी काढली. तिच्या खेळांत शाळेतली मैत्री, रुसवे, नव्या वर्गातली भीती असे विषय होते. १९९९ साली कंपनी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा ती मॅटेलने विकत घेतली आणि ते खेळ हळूहळू दिसेनासे झाले.

नव्या शतकात बार्बीला खरी प्रतिस्पर्धी मिळाली. २००१ साली एमजीए कंपनीने ‘ब्रॅट्झ’ बाजारात आणल्या. मोठं डोकं, जाड ओठ, रंगवलेल्या पापण्या, तोकडे झगे. गंमत अशी, की वर्ण आणि चेहऱ्यांची विविधता त्यांच्यात बार्बीहून जास्त होती आणि पुष्कळ मुलींना त्या त्यासाठीही जवळच्या वाटल्या. मॅटेलने उत्तरादाखल आपल्याही बाहुल्यांच्या पापण्या जड केल्या. ब्रॅट्झ नेमक्या कुणाच्या, यावर दोन्ही कंपन्या २०११पर्यंत कोर्टात भांडत राहिल्या. एवढ्या भांडणात या बाहुल्या कोणत्या वयाच्या मुलींसाठी आहेत, हा वादाचा मुद्दा नव्हता.

तो मुद्दा पालकांनी काढला. २००६ साली हॅसब्रो कंपनी ‘पुसीकॅट डॉल्स’ या गायिकांच्या गटावर बेतलेल्या बाहुल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलींसाठी काढणार होती. त्या गटाचा उगम मादक नाचाच्या कार्यक्रमांत होता. पालक संघटना खवळल्या आणि कंपनीने बेत सोडला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये टेस्कोच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या विभागात खांबाभोवती नाचण्याचं साहित्य सापडलं, तेही तिथून हटवावं लागलं. फेब्रुवारी २००७मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने मुलींच्या लैंगिकीकरणावर अहवाल दिला. त्यातली एक कसोटी साधी आणि फार उपयोगी आहे: लैंगिकता मुलीमधून तिच्या वयाप्रमाणे उमलली आहे, की बाहेरून तिच्यावर लादली गेली आहे? त्या अहवालात ब्रॅट्झच्या पोशाखांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

अहवाल आला तोवर कारखान्यांची मक्तेदारी संपली होती. लीसा व्रांग या फिनलंडमधल्या बाईंनी बालपणीच्या कागदी बाहुल्यांच्या आवडीतून २००४ साली एक संकेतस्थळ केलं होतं. त्यातून स्वीडनची ‘स्टारडॉल’ कंपनी उभी राहिली. अंतर्वस्त्रांतली बाहुली पडद्यावर उभी, तिला माऊसने कपडे चढवायचे. बाहुली फुकट. चांगले कपडे हवे असतील तर ‘स्टारडॉलर’, आणि ते मिळवायला खरे पैसे. खऱ्या फॅशन कंपन्यांनीही तिथे दुकानं थाटली. स्वीडनमध्ये १९९१पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. त्याच देशात हे दुकान उभं राहिलं. कायदा टीव्हीचा होता, आणि इथे तर जाहिरात हाच खेळ होता.

फ्रान्सहून २००८ साली ब्रिटनमध्ये आलेला ‘मिस बिम्बो’ हा खेळ आणखी उघड होता. आपल्या बाहुलीला सगळ्यांत देखणी आणि प्रसिद्ध करायचं, त्यासाठी तिला वजन घटवायच्या गोळ्या द्यायच्या, स्तन वाढवायची शस्त्रक्रिया करून घ्यायची. खेळातले पैसे संपले की मोबाइलवरून पैसे मोजून मेसेज पाठवायचा. नऊ-दहा वर्षांच्या मुली तो खेळत होत्या. बोंबाबोंब झाल्यावर गोळ्या काढल्या, शस्त्रक्रिया राहिली. २०१४च्या जानेवारीत अ‍ॅपच्या दुकानांत बार्बीचं नाव वापरणारं, पण मॅटेलचं नसलेलं एक अ‍ॅप सापडलं. जाड मुलीच्या अंगातली चरबी सुईने आणि सुरीने काढून तिला सुंदर करायची, असा तो खेळ. नऊ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी योग्य, असं त्यावर लिहिलेलं होतं. समाजमाध्यमांवर संताप उसळला तेव्हा अ‍ॅपलने आणि गूगलने ते उतरवलं.

या कुळातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ज्याचा बाहुलीशी काही संबंध नव्हता त्या खेळाचं आहे. ‘रोब्लॉक्स’ २००६ साली सुरू झालं तेव्हा त्यातला माणूस म्हणजे चौकोनी ठोकळे होते. त्याला ना कंबर होती ना छाती, मुलगा की मुलगी हेही कळत नसे. खेळ होते इमारती बांधायचे, अडथळे ओलांडायचे. मग रोबक्स नावाच्या चलनावर कपडे, केस, चेहरे विकले जाऊ लागले. ठोकळ्याला बारीक कंबर आणि उभार अंग देणारे साचे आले, २०१८ साली माणसासारख्या प्रमाणाची शरीरं आली आणि पाठोपाठ खेळाडूंना स्वतः वस्तू बनवून विकायची मुभा मिळाली. २०२४ साली रोज सरासरी ८ कोटींवर लोक तिथे येत होते आणि त्यांतले कितीतरी तेरा वर्षांखालचे. ठोकळ्याला बाई करायचं कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. शरीर बदलता आणि विकता येऊ लागलं, की बाजार त्याला आपोआप लिलीच्या आकाराकडे नेतो. २०१८च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका आईने आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या पडद्यावरच्या प्रतिमेवर दोन पुरुषी प्रतिमा लैंगिक अत्याचार करताना पाहिल्या. कंपनीने दोषी खात्यावर बंदी घातली. लिलीच्या काळात प्रौढ पुरुष बाहुली विकत घेऊन घरी नेत असे. आता तो मुलगी जिथे खेळते त्याच खोलीत, नाव बदलून येऊ शकतो.

याने मुलींचं नेमकं काय होतं? पुरावा मर्यादित आहे, पण अगदीच नाही असं नाही. हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ब्रिटनमधल्या साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रं दाखवली. बार्बीची चित्रं पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीराविषयी जास्त नाखूश आढळल्या. अमेरिकेत क्रिस्टी स्टार आणि गेल फर्ग्युसन यांनी २०१२ साली सहा ते नऊ वर्षांच्या ६० मुलींपुढे दोन कागदी बाहुल्या ठेवल्या. एक भडक, तोकड्या कपड्यांतली आणि दुसरी फॅशनेबल पण अंगभर कपड्यांतली. मला असं दिसायचंय, म्हणून ६८ टक्के मुलींनी पहिली निवडली आणि ही जास्त लोकप्रिय असेल, असं ७२ टक्क्यांना वाटलं. २०१४ सालच्या ऑरोरा शर्मन आणि आयलीन झर्ब्रिगेन यांच्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या ३७ मुली फक्त पाच मिनिटं खेळल्या. काहींना बार्बी दिली, काहींना बटाट्याच्या आकाराची बाहुली. मग दहा व्यवसाय दाखवून विचारलं, यातले किती तू करू शकशील आणि किती मुलगा करू शकेल. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलांपेक्षा कमी व्यवसाय सांगितले. बार्बीच्या अंगावर डॉक्टरचा कोट होता की पार्टीचा झगा, याने फरक पडला नाही.

हे प्रयोग छोटे आहेत, थोड्या वेळाचा परिणाम मोजणारे आहेत. त्यांवरून कुणाचं आयुष्य बिघडलं असं म्हणता येणार नाही. २०१६ साली मॅटेलने बुटकी, उंच आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या शरीरांच्या बार्बी आणल्या. हे चांगलंच झालं. पण शर्मन-झर्ब्रिगेन यांचा शेवटचा निष्कर्ष विसरू नये: कोट बदलून खेळ बदलत नाही. स्टार-फर्ग्युसन यांना एक आशादायक गोष्टही दिसली. टीव्हीवर दिसणाऱ्या बायकांबद्दल ज्या आया मुलींशी बोलत असत, त्यांच्या मुली भडक बाहुलीकडे कमी झुकत होत्या.

आपल्या कायद्यात याची एक पुसट खूण आहे. जून २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनभाव निर्माण करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मज्जाव करतो. दोन्ही नियम जाहिरातीपाशी थांबतात. ज्या खेळात शरीराचं कपाटच विक्रीला आहे, तिथे जाहिरात वेगळी काढून दाखवता येत नाही, हे स्वीडनमध्ये दिसून आलं आहे. म्हणून मागणी करायची ती एवढी, की जाहिरातीला लावलेली ही अट मुलांच्या खेळातल्या विक्रीलाही लावा. मुलांच्या खात्यांना प्रौढ शरीरांचे साचे आणि तसले कपडे विकायला मनाई करा.

घरात मात्र कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मुलीच्या हातातला खेळ दहा मिनिटं तिच्याशेजारी बसून खेळा. तिची बाहुली किती उघडी आहे हे पाहून तिला रागवू नका. तो साचा तिने केलेला नाही, सत्तर वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राने केला आहे. त्या खेळातलं दुकान उघडा आणि काय विकायला ठेवलंय ते पाहा. मग तिला विचारा, कपडे बदलण्याखेरीज हिला इथे करण्यासारखं काय आहे? तिच्याकडे चार उत्तरं असतील तर खेळू द्या. एकही नसेल, तर तो खेळ तिच्यासाठी केलेला नाही. ती त्याची गिऱ्हाईक आहे.